जाहिरातीतली एक ओळ: करवीर तालुक्यातल्या एका ह्यूमन इकॉलॉजी पदवीधर मुलीचं प्रकरण

२०२४ च्या जूनमध्ये एका शनिवारी एक मुलगी वडिलांना घेऊन कोल्हापुरातल्या राजारामपुरीत माझ्या घरी आली. अठ्ठावीस वर्षं मी कनिष्ठ महाविद्यालयात बालविकास आणि अन्नशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यापासून शनिवारी दुपारी या विषयांतल्या मुलींसाठी वेळ राखून ठेवते. कुणी कुणाला सांगतं आणि मुली येतात. सोबत वडील येणं मात्र क्वचितच घडतं.

गाव पंचगंगेच्या काठचं, आंबेवाडी-चिखलीच्या बाजूचं. दीड एकर ऊस, दोन म्हशी. मावशी शेजारच्या राज्यात राहते म्हणून मुलगी तिच्याकडे राहून शिकली: तीन वर्षांची बी.एस्सी. आणि त्यावर दोन वर्षांची एम.एस्सी. दोन्ही प्रमाणपत्रांवर विषय एकच, ह्यूमन इकॉलॉजी, म्हणजे मानव परिस्थितिकी. दुधाचं दर दहा दिवसांचं बिल पाच वर्षं थेट तिच्या खात्यावर जात होतं, आणि शेवटच्या वर्षी तिच्या आईचा गळ्यातला ऐवज तारण ठेवावा लागला होता. हे सगळं वडिलांनीच सांगितलं, न लाजता, हिशेब मांडावा तसं. मग म्हणाले, "मॅडम, ह्या शिक्षणाला पगार किती पडतो तेवढं सांगा. बाकीचं मला कळत न्हाई."

प्रश्न अगदी रास्त होता. तरीही मी आकडा सांगितला नाही, कारण या पदवीला आकडा नाही. नर्सिंग केलेल्या मुलीसाठी 'नर्स' नावाची जागा असते, फार्मसी केलेल्याला औषधांच्या दुकानात कायद्यानंच जागा आहे. 'ह्यूमन इकॉलॉजिस्ट पाहिजे' अशी जाहिरात कोल्हापुरात मी आजवर पाहिलेली नाही. या मुलींना येणारं काम वेगवेगळ्या नावांच्या जागांत विखुरलेलं असतं, आणि पगार त्या त्या जागेला असतो. मग आधी जागांची नावं शोधायची आणि प्रत्येक जाहिरातीत 'शैक्षणिक अर्हता' या शब्दांपुढे जी ओळ छापलेली असते तिच्यात आपण बसतो का, ते अक्षर अक्षर लावून वाचायचं. पुढचं वर्षभर आम्ही दोघींनी त्या ओळीशी झुंज दिली, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

एका विषयाची चार नावं

आमच्या पिढीला हा विषय 'गृहविज्ञान' म्हणून ठाऊक आहे. दिल्लीचं लेडी आयर्विन कॉलेज १९३२ चं, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातली गृहविज्ञानाची विद्याशाखा १९५० ची. पुढे 'गृह' या शब्दामुळे हा स्वयंपाक-शिवणाचा वर्ग आहे असा समज होऊ लागला आणि नावं बदलत गेली. बडोद्यात 'कुटुंब आणि समुदाय विज्ञान' झालं. परभणीसारख्या कृषी विद्यापीठांत 'सामुदायिक विज्ञान' झालं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठानं १९६९ मध्ये आपल्या होम इकॉनॉमिक्सच्या महाविद्यालयाला ह्यूमन इकॉलॉजी हे नाव दिलं, आणि त्याच वाटेनं ते आपल्याकडच्या काही अभ्यासक्रमांतही आलं. आशय बराचसा तोच राहिला: अन्न, वस्त्र, घर, मूल, पाणी, कुटुंबाच्या हातातला पैसा आणि वेळ, आणि या सगळ्यांचं भोवतालाशी असलेलं नातं.

या विषयाच्या मुळाशी एक रसायनशास्त्रज्ञ बाई आहे. एलेन स्वॅलो रिचर्ड्स १८७३ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून पदवी घेणारी पहिली स्त्री ठरली. तिनं त्या राज्यातल्या नद्या-विहिरींच्या पाण्याचे हजारो नमुने तपासले आणि क्लोराइडचं, म्हणजे मिठातल्या एका घटकाचं, प्रमाण नकाशावर मांडलं. समुद्रापासून आत जावं तसं ते कमी होत जातं. मध्येच एखाद्या ठिकाणी ते वाढलेलं दिसलं, तर तिथं माणसांची घाण पाण्यात मिसळत असल्याची शंका घ्यायची. घरातल्या घागरीपासून नदीच्या उगमापर्यंत एकच धागा असतो, हे तिनं आकड्यांनी दाखवलं. घर नीट चालवण्याचं शास्त्र आणि परिसराचं शास्त्र तिच्या लेखी वेगळं नव्हतं.

वडील समोर बसलेले असताना मी मुलीला हे सांगितलं. तिला ते ठाऊक होतं. वडिलांना ठाऊक नव्हतं, आणि विहिरीचा विषय निघाल्यावर ते पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकले.

हातात आलेलं पहिलं काम

मुलगी रिकामी बसलेली नव्हती. परीक्षा संपताच मे महिन्यात शहरातल्या एका वजन कमी करून देणाऱ्या केंद्रात ती लागली होती. पद 'डाएट कौन्सेलर', पगार १२,००० रुपये, वर विक्रीवर इन्सेंटिव्ह. पहिल्याच दिवशी महिन्याला किती डबे खपवायचे तो आकडा तिच्या हाती दिला गेला. नवव्या दिवशी एमआयडीसीतल्या एका कँटीनमध्ये भाकऱ्या करणाऱ्या बाई आल्या. साखर वाढलेली, गुडघे दुखणारे. मुलीनं त्यांना विचारलं की सकाळी पहिलं काय खाता आणि किती वाजता. बाई म्हणाल्या, अकरापर्यंत नुसता चहा, तीन-चार कप, साखरेचा. मुलगी त्यांना चहा कमी करण्याविषयी आणि सकाळी सातलाच त्यांच्याच हातची अर्धी ज्वारीची भाकरी आणि आमटी खाण्याविषयी सांगू लागली. तेवढ्यात आतून बोलावणं आलं. बाईंना तीन महिन्यांचा पॅक का नाही दाखवला, म्हणून. दुसऱ्या दिवसापासून ती गेली नाही. नऊ दिवसांचे पैसे अजून मिळालेले नाहीत.

तिनं सोडलं ते योग्यच केलं. पण इथं आणखी एक गोष्ट मुलींच्या लक्षात आणून द्यायला हवी. 'डाएट' हा शब्द पाटीवर आला म्हणून ते आहारतज्ज्ञाचं काम होत नाही. रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून उभं राहायचं तर रुग्णाहाराचं पदव्युत्तर शिक्षण लागतं, रुग्णालयातली सहा महिन्यांची इंटर्नशिप लागते, आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा दिली तर नोंदणीकृत आहारतज्ज्ञ म्हणवून घेता येतं. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्यानं हे क्षेत्र नियमनाखाली आणलं आहे. या मुलीच्या अभ्यासक्रमात पोषण होतं, रुग्णाहार नव्हता. त्या वाटेनं जायचं तर आणखी एक-दीड वर्ष आणि आणखी फी. घरात आता तेवढी ताकद नव्हती.

एका खासगी बालवाडीनं ८,००० देऊ केले होते. लहान मुलांचं काम मला जिवाभावाचं आहे, पण एम.एस्सी. झालेल्या मुलीला ८,००० मध्ये सकाळी साडेआठ ते दोन राबवणं मला मान्य नाही, आणि मी तसं स्पष्ट सांगितलं.

तिसरा पर्याय खरोखर विचार करण्यासारखा होता. पुण्यातल्या एका सल्लागार कंपनीत २६,००० रुपये. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं बाजारमूल्यानुसार वरच्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा वार्षिक अहवाल सक्तीचा केला आहे. २०२२-२३ या वर्षापासून तो द्यावा लागतो. वीज किती, पाणी किती, कचरा कुठं गेला, कामगारांत बायका किती, हे सगळं गोळा करून तक्त्यात भरायला माणसं लागतात. आम्ही पाकिटाच्या पाठीमागे हिशेब मांडला. खोलीचा वाटा ६,५००, मेस ३,५००, जाणं-येणं २,०००, महिन्यातून एकदा गावी येणं, फोन, आजारपण. हातात उरत होते साधारण बारा हजार. तरीही नोकरी वाईट नव्हती. दोन-तीन वर्षं तग धरली तर पगार चांगला वाढतो, असं माझ्या तीन माजी विद्यार्थिनींनी अनुभवानं सांगितलं आहे. त्याच वाटेवर पुढे पर्यावरण परिणाम मूल्यांकनाचं कामही आहे. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना ते करावं लागतं, आणि मान्यताप्राप्त सल्लागारांच्या चमूत सामाजिक-आर्थिक विषयाचा तज्ज्ञ असावा लागतो. गावातल्या लोकांचं पाणी, शेती, रोजगार प्रकल्पानं कसा बदलेल हे तपासणं हे अस्सल मानव परिस्थितिकीचं काम आहे.

मुलीनं पुणे नाकारलं. आईची पाठदुखी, म्हशी, आणि तिचं स्वतःचं मन. "दिवसभर संगणकावर दुसऱ्यानं पाठवलेले आकडे भरायचे, आणि ते पाणी मी बघणारच नाही," असं ती म्हणाली. वडील गप्प राहिले. २६,००० चा आकडा त्यांनी ऐकला होता, आणि तो सोडणं त्यांना किती जड गेलं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दुसऱ्या एखाद्या मुलीला मी पुण्याला जा असंच सांगितलं असतं.

मुख्यसेविका, आणि अडलेलं एक नाव

माझ्या मनात पहिल्यापासून मुख्यसेविकेची जागा होती. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तिच्या रचनेत अंगणवाडी सेविकांच्या वर मुख्यसेविका असते आणि तिच्या वर बालविकास प्रकल्प अधिकारी. मुख्यसेविकेची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगात ३५,४०० ते १,१२,४००. मूळ पगार ३५,४०० म्हटलं की लोक तेवढाच धरतात. पण २०२४ मध्ये महागाई भत्ता मूळ पगाराच्या निम्मा होता, म्हणजे दोन्ही मिळून ५३,००० च्या पुढे, घरभाडे भत्ता वेगळा. त्यातून निवृत्तिवेतनाची कपात होते. तरीही कोल्हापुरात राहून घरचं जेवून हा पगार मिळणं म्हणजे घर सावरणं. वडिलांना मी हा आकडा कागदावर लिहून दिला. त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला.

या जागेच्या अर्हतेत समाजशास्त्र, समाजकार्य, गृहविज्ञान, बालविकास, पोषण अशा विषयांची नावं येतात. मुलगी कामाला अगदी योग्य. अडचण नावाची. ती लगेच समोर आलीही. जुलैमध्ये एका सरकारी योजनेतल्या कंत्राटी जागेसाठी ती मुलाखतीला गेली, मुलाखत चांगली झाली, आणि ऑगस्टमध्ये कागदपत्रं तपासताना टेबलामागच्या माणसानं प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं. जाहिरातीत 'गृहविज्ञान' होतं, प्रमाणपत्रावर 'ह्यूमन इकॉलॉजी'. "हे पर्यावरणाचं आहे. आमच्याकडं बसत नाही," म्हणून फाइल परत. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. त्या माणसालाही दोष देत नाही, त्याच्या हातात फक्त ती ओळ होती.

मुलगी त्या दिवशी आली ती रडत नव्हती, चिडलेली होती. गुणपत्रक काढून बोट ठेवून दाखवत होती: पोषण, कुटुंबाचं साधनसंपत्ती व्यवस्थापन, बालसंगोपन, विस्तार शिक्षण, सर्वेक्षण पद्धती. "मॅडम, हे गृहविज्ञान नाही तर काय आहे?"

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे पण तो करावाच लागतो. आम्ही तिच्या विद्यापीठाच्या कुलसचिवांना पत्र लिहिलं. तीन गोष्टी मागितल्या: ही पदवी गृहविज्ञान विद्याशाखेखाली दिली जाते असं लेटरहेडवरचं पत्र, सर्व सत्रांच्या विषयांची साक्षांकित यादी, आणि अभ्यासक्रमाची प्रत. पत्र यायला अकरा आठवडे लागले. मावशी दोनदा स्वतः जाऊन आल्या. त्यानंतर प्रत्येक अर्जाला हे पत्र जोडायचं, आणि अर्ज भरण्याच्या आधीच संबंधित विभागाकडून लेखी विचारून घ्यायचं, असा नेम केला. महाविद्यालयात शिकवण्यासाठी लागणाऱ्या नेट परीक्षेचा अर्जही तिनं गृहविज्ञान याच विषयातून भरला. तो विषय यादीत १२ व्या क्रमांकावर आहे. सहायक प्राध्यापकाचा सुरुवातीचा मूळ पगार ५७,७०० असतो, पण गृहविज्ञानाच्या कायम जागा फार थोड्या निघतात आणि मधली कितीतरी वर्षं तासिका तत्त्वावर जातात. त्या आशेवर मी कुठल्याही मुलीला घर चालवायला सांगणार नाही.

अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या जागेविषयीही मुली फार विचारतात. तिथल्या नियमात अन्न तंत्रज्ञान, दुग्ध तंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, कृषी, पशुवैद्यक अशा पदव्यांची यादी आहे. गृहविज्ञान त्या यादीत नावानं नाही. समकक्ष पदवी म्हणून मान्यता आहे का हे पाहिल्याशिवाय वर्षभर त्या अभ्यासाला लागू नये.

पुरानंतरची वही

आता माझी चूक सांगते. जूनमध्येच मी मुलीला सांगितलं होतं की बाकी सगळं बाजूला ठेव, एखाद्या अभ्यासिकेत जागा घे आणि मुख्यसेविकेच्या परीक्षेला बस. तिनं अभ्यासिका लावलीही. पण जुलैच्या शेवटी पाऊस लागला, राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीच्या वर गेलं, आणि अभ्यासिका सुटली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पदवीच्या प्रवेशाला जायच्या आठवड्यातच तिच्या घरात पाणी शिरलं होतं. गुणपत्रकं दुधाच्या कॅनमध्ये घालून, झाकण लावून, तिनं उंचावरच्या सोनतळीला नेली होती. त्यामुळे यावेळी पाणी चढू लागल्यावर काय करायचं हे तिला माहीत होतं. मला मात्र ती परीक्षा सोडून वेळ घालवते आहे असं वाटत होतं, आणि मी फोनवर तसं बोललेही.

पाणी ओसरल्यावर तिनं स्वतःच्या पैशांनी वीस बाटल्या आणल्या. पाण्यात विष्ठेचा अंश आहे का हे दाखवणारी ही साधी बाटली असते. पाणी खुणेपर्यंत भरायचं, झाकण लावून ठेवायचं, आणि एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर ते पिण्याजोगं नाही. शिवाय एका जुन्या मैत्रिणीच्या प्रयोगशाळेतून तिनं क्लोराइड तपासायची सामग्री मिळवली. पाण्यात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकले की ते पिवळं होतं. मग ब्युरेट नावाच्या खुणांच्या नळीतून सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडायचं, आणि पिवळ्यावर विटकरी झाक आली की थांबायचं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. गावातले सगळे नमुने त्याच्या खूप खाली होते. पण खालच्या आळीतल्या दोन बोअर आणि एका विहिरीचा आकडा शेजारच्यांच्या दुपटीहून जास्त आला, आणि नेमक्या त्याच तीन ठिकाणच्या बाटल्या काळ्या पडल्या. घराच्या कठड्यावर ओळीनं ठेवलेल्या त्या बाटल्यांचा फोटो तिनं मला पाठवला. सतरा स्वच्छ, तीन शाईसारख्या काळ्या.

इथपर्यंत रसायनशास्त्राची कुठलीही मुलगी आली असती. तिच्या विषयाचं काम पुढे होतं. गावच्या टाकीत टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची पावडर, पडत होती, नळाचं पाणी शुद्ध होतं. मग खालच्या आळीतली माणसं बोअरचं पाणी का पीत होती? ती अडतीस घरं फिरली आणि प्रत्येक घरात बायकांना तेच पाच प्रश्न विचारले: पिण्याचं पाणी कुठलं, भरतं कोण, किती वाजता, उकळता का, उकळायला जळण कुठलं. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर सापडलं. खालच्या आळीला नळ सकाळी सहा ते पावणेसात. नेमक्या त्याच वेळी धारा काढून दूध संस्थेत घालायचं असतं. सात वाजता संस्था बंद, नळही गेलेला. भरायला घरात दुसरं कुणी नाही, म्हणून पिण्यासाठी दारातली बोअर. चूल गॅसची, सिलिंडर पुरवून वापरायचा, म्हणून उकळणं नाही.

हे सगळं तिनं रेघांच्या वहीत लिहिलं होतं, आळीवार. वही घेऊन ती ग्रामपंचायतीत गेली. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला बोलावलं. त्याला कुणी आजवर विचारलंच नव्हतं. खालच्या आळीचा वॉल्व्ह त्यानं सव्वासातला उघडायला सुरुवात केली. त्याला एक पैसा खर्च आला नाही.

हे मी ऐकलं तेव्हा मला २०१२ आठवलं. त्या वर्षी इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, माणसं दगावली होती, आणि वर्गातल्या मुली मला विचारत होत्या की नळाचं पाणी पिऊ की नको. मी त्यांना उकळून प्या म्हणाले आणि पुढचा धडा घेतला. कोण किती वाजता पाणी भरतं हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

१८,५००

सप्टेंबरमध्ये एका फौंड्री उद्योगसमूहाच्या विश्वस्त संस्थेची जाहिरात आली. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे वर्षाला पाच कोटी किंवा त्याहून जास्त निव्वळ नफा असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या औद्योगिक वसाहतींमुळे कोल्हापुरात अशा पैशातून चालणारी कामं आहेत, आणि शिकलेल्या मुलींचं तिकडे फारसं लक्ष जात नाही. जागा 'क्षेत्र समन्वयक' अशी होती. अर्हता: 'समाजकार्य पदव्युत्तर किंवा समकक्ष'. पुन्हा तीच ओळ.

यावेळी आम्ही ओळीशी भांडलो नाही. अर्जासोबत त्या वहीच्या सहा पानांच्या झेरॉक्स जोडल्या आणि वर चार ओळींत लिहिलं: गाव कुठलं, प्रश्न काय होता, काय तपासलं, काय बदललं. मुलाखतीला बोलावणं आलं. आदल्या दिवशी मी तिच्याकडून दोन गोष्टींचा सराव करून घेतला. 'पगाराची अपेक्षा काय' या प्रश्नाला 'तुम्ही द्याल तो' असं उत्तर द्यायचं नाही. आमच्या मुली हे उत्तर नम्रपणा म्हणून देतात आणि महिन्याला दोन-तीन हजार घालवून बसतात. आणि गाडीचं पेट्रोल पगारात धरलं आहे की वेगळं, हे तिथंच विचारायचं.

मुलाखतीत तिला वहीविषयीच चाळीस मिनिटं विचारलं गेलं. त्यांनी १६,००० सांगितले, तिनं २०,००० मागितले, १८,५०० वर ठरलं. पेट्रोल वेगळं, वर्षाचा करार, लेखी नियुक्तिपत्र. ऑक्टोबर २०२४ पासून ती रुजू झाली. बारा गावं, पाणी आणि पोषण हा विषय.

वडील खूश नव्हते. पुण्याचे २६,००० त्यांच्या डोक्यातून गेले नव्हते, आणि खिशातल्या कागदावर तर ५३,००० लिहिलेले होते. "एवढं शिकून फौंड्रीतल्या पोराएवढाच पगार," असं ते मला फोनवर म्हणाले. मी त्यांना खोटा दिलासा दिला नाही. १८,५०० हा पाच वर्षांच्या शिक्षणाला कमी पगार आहे, आणि या विषयाच्या मुलींना कोल्हापुरात सुरुवातीला साधारण याच घरातली रक्कम मिळताना मी पाहते. मी एवढंच सांगितलं की खोलीचं भाडं नाही, मेस नाही, तेव्हा हातात पडणारे पैसे पुण्यापेक्षा कमी नाहीत. ते म्हणाले, "ते बी खरंच." तारण ठेवलेला ऐवज मार्चमध्ये सुटला. तो सोडवायला मुलगी आणि आई दोघी गेल्या होत्या.

मुख्यसेविकेची परीक्षा तिनं दिली, कुलसचिवांचं पत्र जोडून. अर्ज स्वीकारला गेला, निवड झाली नाही. नोकरी करून अभ्यासाला रात्रीचे दोन तास मिळत होते आणि ते पुरले नाहीत. पुढच्या वेळी ती परत बसणार आहे. त्यासाठी आता पहाटेची वेळ तिनं ठरवली आहे आणि म्हशींचं काम वडिलांनी स्वतःकडे घेतलं आहे.

करार संपायच्या आधी, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, तिनं पगारवाढ मागितली. यावेळी माझ्याकडे विचारायला आली नाही, सांगायला आली. बारा गावांपैकी सात गावांत पाणी सोडण्याच्या वेळा बदलल्याची नोंद तिनं तारखांसकट नेली होती. २३,००० झाले. कामही वाढलं, आणखी आठ गावं आली, आणि संस्थेनं तिच्या हाताखाली दुसरी जागा काढायचं ठरवलं.

त्या जागेची जाहिरात लिहायचं काम तिच्याकडेच आलं. मसुदा घेऊन ती शनिवारी माझ्याकडे आली होती. पगाराचा आकडा वरच्याच ओळीत होता, पेट्रोल वेगळं असल्याचं त्याखाली. आणि शैक्षणिक अर्हतेपुढे तिनं लिहिलं होतं: समाजकार्य, गृहविज्ञान, सामुदायिक विज्ञान, कुटुंब आणि समुदाय विज्ञान किंवा ह्यूमन इकॉलॉजी, यांपैकी कोणतीही पदवी.